पेन्सिलीने लिहिणारे डॉक्टर

ज्याचे आयुष्य दुसऱ्यांचे बोलणे नोंदवहीत उतरवण्यात गेले, त्याने साठी उलटल्यावर स्वतःचे काही लिहावे, हे धार्ष्ट्यच आहे. वाचकांनी क्षमा करावी. पण नांदुऱ्याच्या हबीब डॉक्टरांविषयी लिहिणारे आता दुसरे कोणी उरलेले नाही.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, त्या काळात मी त्यांच्या दवाखान्यात मुनशी होतो. रोग्याचे नाव-गाव मी शाईने लिहावे आणि रोगाचे नाव त्यांनी पेन्सिलीने, असा तिथला दंडक होता. "शाईले शब्द मांगं घ्याची लाज वाटते, मुनशीजी," असे ते म्हणत. खात्री पटली, की मगच मला ते नाव शाईने गिरवायला सांगत.

एका बाजाराच्या दिवशी मात्र हा दंडक मोडला. कासम पिंजारी आला होता. कापसाच्या धुळीने त्याला खोकला नेहमीचाच. आता बारीक ताप होता, अंग झडले होते आणि मानेत गाठी आल्या होत्या. बाहेर गर्दी खोळंबली होती.

"क्षय. टाका शाईनं लिहून," डॉक्टर म्हणाले.

मी लिहिले. निजणे-जेवणे वेगळे ठेवायचे नियमही त्याच्या बायकोला, राबियाबींना, मीच समजावले. आठवड्याच्या आत कासमची खाट कापूस पिंजायच्या छपरीत गेली, त्याचा कटोरा वेगळ्या खिळ्याला लागला, आणि चार वर्षांची मुलगी त्याला दुरूनच हाक मारू लागली.

पण थुंकी तीनदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही डॉक्टरांना क्षयाचे जंतू दिसेनात. त्यांनी मानेतली एक गाठ काढली आणि स्पिरिटच्या बाटलीत घालून नागपूरला तपासणीसाठी पाठवली.

मी भीतभीत म्हणालो, "क्षय नसला तर याहून वाईटच काही निघेल. मग एवढा खटाटोप कशाला?"

"मरनाले इलाज नाई, कबूल. पन दुसऱ्याच रोगाच्या नावानं काऊन मरावं मानसानं?"

उत्तर आले. क्षय नव्हता. तो गाठींचाच कर्करोग होता. आज त्याला लिंफोमा म्हणतात. त्यावर तेव्हा औषध नव्हते.

डॉक्टर मला घेऊन कासमच्या घरी गेले. शेजारपाजार जमला होता.

"हे दुखनं बरं होनार नाई, कासम. पन ते कोनाले लागत बी नाई. चूक माही होती."

"आता सांगून राह्यले?" राबियाबी म्हणाल्या. "पोरगी बापापाशी जाची भेते, साहेब."

खिळ्यावरचा कटोरा काढून डॉक्टरांनी रांजणातले पाणी घेतले आणि कासमला दिले. त्याने अर्धे प्यायल्यावर उरलेले स्वतः प्याले.

"आता तुमचा बी कटोरा वेगळा टांगतीन, डॉक्टर," कासम म्हणाला.

"टांगू दे ना बे."

राबियाबी उठल्या. खाटेचे एक टोक धरून मला म्हणाल्या, "पाहता काय, मुनशीजी? दुसरं टोक धरा."

हिवाळा सरता सरता कासम गेला. घरातच गेला, मुलगी उशाशी बसलेली होती. पुढे काही वर्षांनी डॉक्टरही गेले. ती नोंदवही माझ्यापाशी आहे. माझा शाईचा शब्द त्यांनी स्वतः खोडला आहे आणि शेजारी पेन्सिलीने खरे नाव लिहिले आहे. ते गिरवायला त्यांनी मला कधी सांगितले नाही.

ज्याला ते बरे करू शकले नाहीत, त्याला त्यांनी घरात परत नेले. याला आपण उपचार म्हणाल का?