फॉरमॅट मारलेला आवाज

‘फॉरमॅट मारून देतो’ असं कुणी म्हटलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. हिंगोलीत त्या काळी कॉम्प्युटरच्या सगळ्या दुखण्यांवर हा एकच इलाज होता, आतलं सगळं पुसून मशीन कोरं करायचं. मशीन हळू चालतंय, फॉरमॅट मारा. प्रिंटर चालत नाही, फॉरमॅट मारा. ताप असो की पोटदुखी, काही डॉक्टर आधी सुई टोचतात, तसंच हे. आत कुणाचं काय ठेवलेलं आहे, हे विचारायची पद्धतच नव्हती. आमच्या मशीनमध्ये माझ्या बाबांचा आवाज होता.

बाबा एसटी डेपोत चौकशीच्या खिडकीवर होते. सेनगाव, वसमत, परभणी, कुठलीही गाडी लागली की भोंग्यातून त्यांचाच आवाज यायचा. शाळेत मैत्रिणी त्यांची नक्कल करायच्या आणि मी त्यांच्याशी भांडायचे. नोकरीची शेवटची वर्षं चालू असताना त्यांच्या घशात गाठ निघाली. औरंगाबादला ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला श्वासासाठी एक छिद्र राहिलं आणि आवाज गेला तो गेलाच.

मग त्यांनी पाटी घेतली. पण पाटीवर लिहून माणसाला भांडता येत नाही. लिहून होईपर्यंत समोरचा उठून गेलेला असतो. आई स्वयंपाकघरात असली की पाटी कुणाला दाखवणार? बाबा ताटावर वाटी आपटायचे. ज्याच्या एका हाकेवर अख्खं स्टँड सामान उचलून पळायचं, त्या माणसानं पाण्यासाठी वाटी आपटावी, याचा मला भयंकर राग यायचा. तो काढायचा कुणावर, हे मात्र कळायचं नाही.

नांदेडला कॉलेजात मी युनिक्स शिकले होते. घरी जुना, असेंबल केलेला कॉम्प्युटर होता. एका मासिकाबरोबर आलेल्या सीड्यांवरून मी त्यात विंडोजऐवजी युनिक्सच्याच जातीचं, फुकट मिळणारं लिनक्स टाकलं होतं. त्यात एक बोलणारा प्रोग्राम सापडला. इंग्रजी मजकूर दिला की तो स्पीकरमधून वाचून दाखवायचा. मराठी त्याला कुठून येणार? मी इंग्रजी अक्षरांत ‘पाणी’ लिहून दिलं, तर तो जे काही बोलला ते ऐकून आई म्हणाली, मेल्याच्या तोंडात गरम बटाटा हाय.

पण हे सॉफ्टवेअर उघडं होतं. आत शिरायला, बदल करायला कुणाच्या पाया पडावं लागत नव्हतं. मी एकेक शब्द बसवत गेले. बाबा इंग्रजी अक्षरांत जमेल तसं लिहायचे. मग सेड नावाचं युनिक्सचं एक छोटं हत्यार ते शब्द त्या प्रोग्रामला पचतील अशा अक्षरांत बदलायचं, आणि प्रोग्राम बोलायचा. हे सगळं मी ‘बोल’ नावाच्या एका कमांडमध्ये बांधलं. आधी बोल, पुढं वाक्य, मग एंटर. बस.

आवाज गोऱ्या साहेबाचा होता, हे कबूल. शेजारच्या काकू पहिल्यांदा ऐकून घाबरल्या होत्या. पण बाबा बोलायला लागले. कोण आलंय, भाजीत मीठ न्हाई, लाईट कव्हा येती, असं सगळं साहेबाच्या थाटात. त्यांना सगळ्यात आवडला तो कीबोर्डवरचा वरचा बाण. तो दाबला की आधीची ओळ परत येते, एंटर मारलं की मशीन तेच पुन्हा बोलतं. आईनं कानाडोळा केला की बाबा बाण आणि एंटर, बाण आणि एंटर करत ‘चहा टाक, चहा टाक’ असं तिला हैराण करायचे. आई वैतागायची आणि हसायची. आमच्या घरात भांडण परत आलं होतं. लाईट गेली की बाबा पुन्हा गप्प, पण लाईट निदान परत तरी यायची.

अशात आईच्या भावानं, माझ्या मामानं, माझ्यासाठी वसमतचं स्थळ आणलं. मुलगा कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा. पोरगी कॉम्प्युटरवाली, पोरगाबी कॉम्प्युटरवाला, मामाला वाटलं गंगेत घोडं न्हालं. मामाची एकच अट होती. बाबांचा आजार कळता कामा नये. असलं दुखणं घरात आहे म्हटलं की लोक मागं सरतात म्हणे. थंडीचे दिवस होते, तेव्हा गळ्याला मफलर गुंडाळायचा आणि घसा बसलाय म्हणून सांगायचं. पाटी मामानं स्वतः उचलून कपाटात ठेवली. मी भांडले. आई म्हणाली, एका दिवसाचा तर प्रश्न हाय. माझं पुढं काही चालेना, कारण बाबांनी मान हलवली आणि मफलर स्वतःच्या हातानं गुंडाळून घेतला. जन्मभर भोंग्यावर बोललेल्या माणसाला आपल्याच घरात लपवून ठेवायचं, आणि याला म्हणे पोरीचं भलं करणं म्हणतात.

पाहुणे आले तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. बलावल्याबिगर बाहेर यायचं न्हाई, असं आईनं बजावलं होतं. भिंतीपलीकडून मला सीडी फिरल्याचा आवाज आला. कुणी गाणी लावली असतील, असं मी समजले आणि पोहे परतत बसले. बाहेर काय घडलं ते मला नंतर बाबांच्या पाटीवरून कळलं.

मामानं माझ्या कॉम्प्युटरच्या ज्ञानाची बढाई मारली. मुलगा उठला आणि त्यानं मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि मशीन नाव विचारून थांबलं. ते तसंच थांबायचं, नाव दिलं की चालायचं. पण या महाशयांनी तिथल्या तिथं निदान केलं की सिस्टीम उडालीय. त्यांच्या बॅगेत सीड्यांची पिशवी होतीच.

बाबा अर्धवट उठले आणि त्यांनी हातानं जोरात ‘नको नको’ केलं. आता आपल्याकडची रीत अशी, की पाहुण्यानं कामाला हात लावला तर घरच्यानं ‘राहू द्या, राहू द्या’ म्हणायचं असतं आणि पाहुण्यानं ते मनावर घ्यायचं नसतं. बाबांचं हात हलवणं पाहुण्यांनी त्याच रीतीत धरलं.

“तकलीफ कशाची, काका? घरचंच काम हाय,” मुलगा म्हणाला.

बाबांनी त्याचं मनगट धरलं. मुलाच्या वडिलांनी मोठ्या प्रेमानं ते सोडवलं आणि त्यांना आपल्या शेजारी बसवलं. पोरगं करून राहिलं, करू द्या, म्हणाले. बाबांचा हात मफलरच्या गाठीवर गेला. मामानं त्यांच्याकडं डोळे वटारून पाहिलं. हात थोडा वेळ गाठीवर राहिला आणि मग खाली आला.

मी ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा पडदा निळा होता. बाबा भिंतीकडं बघत होते. हे काय केलंत, असं मी विचारलं, तर मुलानं हसून सांगितलं की फॉरमॅट मारलं, ते लिनक्स का काय ते फुकटचं असतं, त्याच्यावर काही चालत नाही, आता विंडोज टाकून देतोय. ज्या सीडीवरून तो टाकत होता, तिच्यावर स्केचपेननं विंडोजचं नाव लिहिलेलं होतं, म्हणजे कुठूनतरी कॉपी मारलेली. स्वतः चोरीचा माल पिशवीत घेऊन फिरायचं आणि ज्यानं उघडपणे, सांगून-सवरून फुकट दिलं त्याला नावं ठेवायची. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

“याच्यात बाबा बोलायचे,” मी म्हणाले.

मामा घाईघाईनं हसला आणि म्हणाला, गाणीगिणी भरली असतील पोरीनं. मुलगा मात्र जरा ओशाळला.

“काही डेटा होता का? मग आधी सांगायचं न्हाई का,” तो म्हणाला.

आधी सांगायचं. कुणी सांगायचं होतं? ज्याला दिसत होतं, त्याला आवाज नव्हता. जिला आवाज होता, तिला बोलावल्याशिवाय बाहेर यायची बंदी होती. आणि ज्या मामाला सगळं माहीत होतं, त्याला स्थळ पाहिजे होतं. तो मुलगा वाईट नव्हता, याचाच मला जास्त संताप येतो. त्यानं एक पैसा घेतला नाही. जाताना त्यानं बाबांना माऊस कसा धरायचा तेसुद्धा दाखवलं.

पाहुणे गेल्यावर मी बाबांवर ओरडले, की काहून बसून राहिलात, मफलर सोडून गळा दाखवायचा होता. बाबांनी कपाटातून पाटी काढली आणि लिहिलं, ‘सोडला असता तर तुझं मोडलं असतं.’

“मोडू द्यायचं होतं,” मी म्हणाले, आणि मग मला रडू आलं.

लिनक्सच्या सीड्या घरात होत्या, त्यामुळं ते परत टाकणं अवघड नव्हतं. बसवलेल्या शब्दांची एक जुनी फ्लॉपी होती. तिला ओल लागली होती, ती अर्धीमुर्धी वाचता आली. बाकीचे शब्द पुन्हा बसवायचे होते. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसायचे, एकेक शब्द पाटीवर लिहून द्यायचे आणि मशीन चुकलं की मान हलवायचे. आईसुद्धा अधूनमधून पोळपाट सोडून यायची आणि अजून तसं न्हाई झालं, असं सांगून जायची. तिनं मफलर धुवून ट्रंकेत टाकून दिला होता.

शब्द बरेचसे बसले तेव्हा मामा आला. साखरपुडा कधी करायचा ते ठरवायला आलो, म्हणाला. त्या लोकांना मी पसंत होते आणि त्यानं परस्पर होकार कळवून टाकला होता. मी काही बोलणार, तेवढ्यात बाबांनी हातानं मला थांबवलं आणि मामाकडं बघितलं.

“तुमी तव्हा काईच बोलले न्हाईत, दाजी,” मामा म्हणाला. “म्हून मी व्हय सांगून टाकलं.”

बाबा उठले, मशीनसमोर बसले आणि एका बोटानं सावकाश लिहायला लागले. मामा उभ्या उभ्याच बघत होता. गळ्याचं छिद्र उघडं होतं आणि त्यातून त्यांचा श्वास जोरात येत होता. त्यांनी एंटर मारलं.

“मला इचारलं कोणी?” साहेबाच्या आवाजात स्पीकर बोलला.

मामानं आधी स्पीकरकडं बघितलं, मग बाबांकडं. मग तो सांगायला लागला की घर चांगलं हाय, वसमतला स्वतःचा प्लॉट हाय, पोरगं निर्व्यसनी हाय. बाबांनी नवीन काहीच लिहिलं नाही. वरचा बाण दाबला आणि एंटर मारलं.

“मला इचारलं कोणी?”

मामा आईकडं बघायला लागला. आई बाबांच्या खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली. बाबांनी पुन्हा बाणावर बोट ठेवलं.