हाक केंद्र, बोला!

खुशालराव बाजार समितीच्या यार्डात लिलावाचा हर्रास पुकारायचे, तेव्हा तिथून मोझरीच्या आश्रमात बसलेल्या माणसाला तुरीचा भाव कळायचा असं तिवस्यात सांगतात. यात अतिशयोक्ती आहे. भाव कळायचा, पण तो तुरीचा की चण्याचा हे कळत नसे.

या आवाजाला खुशालरावांनी आयुष्यभर तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचं खत घातलं. पीक व्हायचं तेच झालं. नागपूरच्या डॉक्टरांनी गळ्यातलं स्वरयंत्र काढून टाकलं आणि श्वासासाठी खाली एक भोक ठेवलं. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, तेही आणून पाहिलं. त्यातून खुशालरावांनी पहिलं वाक्य काढलं, "चहा कर." दुर्गाबाई म्हणाल्या, "पिठाची चक्की लावाची असन तं बाहीर लावा." यंत्र ज्यांच्याकडून आणलं होतं त्यांना परत गेलं. त्यानंतर खुशालराव मोबाइलवर लिहून दाखवायचे आणि दुर्गाबाई वाचायच्या नाहीत. घरात आवाजाचा तुटवडा काही पडला नाही. दोघांच्या वाट्याचं त्या एकट्याच बोलायच्या.

त्या सालांत वऱ्हाडात कापूस अळी खायची, सोयाबीन पाऊस खायचा आणि भरघोस यायच्या त्या फक्त हेल्पलाइना. पाऊस पडला की एक नंबर, नाही पडला की दुसरा. शेतकऱ्याचं मन खचलं तर तिसरा. तो जेवणाच्या सुट्टीत बंद असायचा, कारण मन खचायलाही काही वेळकाळ हवा. अशातच 'हाक' नावाचं केंद्र अकोल्यात उघडलं. ज्यांना ऐकू येत नाही, बोलता येत नाही, त्यांनाही संकटात फोन करता यावा, ही त्याची खासियत. तिवस्याच्या कर्णबधिर बंधू-भगिनींना ही आनंदाची बातमी ऑटोवर भोंगा लावून, गल्लोगल्ली ओरडून देण्यात आली.

मग केंद्राने तिवस्यात शिबिर भरवलं, त्याला साहेब आले. त्यांनी पडद्यावर दाखवलं, "तुम्ही फोन लावायचा आणि टाइप करायचं. पाठवायचं बटण दाबायची गरज नाही. तुम्ही एकेक अक्षर लिहाल तसं ते अकोल्यात दिसेल. आणि फोन चालूच राहील. म्हणजे तुमच्याकडचा आवाजही तिकडे जाईल. अक्षर आणि आवाज, दोन्ही एकाच वेळी!"

खुशालरावांनी कागदावर लिहून विचारलं, "मी बोललोच नाही तर तिकडच्या माणसाले कसं कळन का पडद्याकडे पाहाचं आहे?"

"उत्तम प्रश्न," साहेब म्हणाले. "तसं तुम्ही त्यांना सुरुवातीलाच सांगायचं."

टाळ्या झाल्या. घरी येऊन खुशालरावांनी चाचणी म्हणून फोन लावला.

"हाक केंद्र, बोला!"

खुशालराव टाइप करू लागले. पण बोट सवयीचं नव्हतं, जीव घाबरा झाला आणि गळ्याच्या भोकातून श्वासाचा सूं-सूं आवाज वाढत गेला. पलीकडे कोणी बाई होती. तिने पडद्याकडे पाहिलं नाही. "बोला... बोला ना... कोण आहे?" आणि मग एकदम, "लाज नाही वाटत?" फोन कटला.

आठवड्याने केंद्राचं पत्र आलं. आपल्या क्रमांकावरून महिला कर्मचाऱ्यास उद्देशून उसासे टाकण्यात आले असून क्रमांक बंद करण्यात येत आहे, खुलासा दूरध्वनीवर द्यावा. दुर्गाबाईंनी हे पत्र शेजारणींना वाचून दाखवलं. "अवो, या वयात?" असं म्हणून त्या दोन दिवस हसत होत्या. शेवटी अकोल्यात दिलेली मुलगी आकांक्षा केंद्रात जाऊन भांडली, तेव्हा नंबर सुरू झाला आणि त्याच्यापुढे शेरा पडला : 'सदर इसमास आवाज नाही. उसासे निष्पाप समजावेत.'

कापसाची दुसरी वेचणी चालली होती. त्या दिवशी तिवस्याचा बाजार, म्हणून मजूर नाही, शेजारच्या वावरातही कोणी नाही. पोटाला ओट्या बांधून नवरा-बायको दोघंच वेचत होते. दुर्गाबाई कपाशीच्या एका ओळीत, खुशालराव पलीकडच्या. बाईंचं बोलणं चालू होतं. विषय दीर, म्हणजे खुशालरावांचा भाऊ आणि त्याने बांधावरचं, धुऱ्यावरचं, तोडलेलं बाभळीचं झाड. हे व्याख्यान खुशालरावांना तोंडपाठ होतं. ते ऐकत नव्हते, पण रेडिओ चालू असला की माणूस काम करतो, तसं त्यांचं चाललं होतं.

"तुमच्या त्या भावानं धुल्यावलचं जाड..."

खुशालरावांचा हात बोंडावरच थांबला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोल्या ऐकलेला कान तो. या बाईच्या तोंडात अक्षर घसरलं असं कधी झालं नव्हतं. रागात नाही, तापात नाही, दात काढले तेव्हाही नाही. त्यांनी वर पाहिलं. दुर्गाबाईंचा डावा हात लोंबत होता आणि मुठीतला कापूस मातीत पडला होता. त्यांना त्याचं भान नव्हतं. मग त्या हळूच खाली बसल्या.

"काई नाही. पित्त झालं," त्या म्हणाल्या.

खुशालराव ओरडले. म्हणजे ओरडायला गेले. अख्खं यार्ड हलवणाऱ्या माणसाने छाती भरून हाक मारली आणि गळ्याच्या भोकातून निघाली नुसती हवा. धुऱ्यावर बसलेला बगळासुद्धा उडाला नाही. त्यांनी तशीच आणखी दोनदा मारली. मग खिशातला मोबाइल काढला आणि स्पीकर लावून बायकोजवळ मातीत बसले.

"हाक केंद्र, बोला! मी रुबीना. आपली काय मदत करू शकते?"

खुशालरावांनी लिहायला घेतलं : 'मा. महोदया, सविनय'

"काका, अक्षरं दिसून राहिली मले," पलीकडची मुलगी म्हणाली. शेरा वाचला असावा, कारण छापील मराठी तिने तिथेच सोडली. "महोदया राहू द्या. काय झालं तेवढंच लिहा."

खुशालराव दचकले. वाक्य पुरं व्हायच्या आत कोणी वाचतं, हे त्यांच्या संसारात घडलेलं नव्हतं. त्यांनी महोदया पुसली, बायको लिहायला घेतलं, 'बाय'पर्यंत आले.

"कोनाले फोन कलून लाहिले?" दुर्गाबाई खेकसल्या. आवाज अजूनही दणकट होता. "मले काई नाही झालं! ठेवा थो फोन!"

फोनमध्ये मागून एका पुरुषाचा आवाज आला. "रुबीना, बाई म्हणून राहिली काही नाही झालं. कॉम्प्युटरनं पण तेच ऐकून लिहिलं, पाहा, 'आपत्ती नाही'. बंद कर कॉल."

"सर, कॉलर काका आहेत. आवाज काकूंचा आहे."

"मग काकांचा आवाज कुठे आहे?"

"काकांना आवाज नाही, सर."

"आवाज नाही, तर ते कॉलर कसे?"

इतका खोल प्रश्न मोझरीच्या आश्रमातही कोणी कधी विचारला नसेल. खुशालरावांना मात्र त्यावर चिंतन करायला सवड नव्हती. घामाने पडदा ओला झाला होता, एक अक्षर धड उमटत नव्हतं. 'लक' एवढंच झालं.

"लकवा?" रुबीना म्हणाली. "काका, लकवा म्हणून राहिले काय तुम्ही?"

'हो'

"काकू, मी रुबीना बोलते अकोल्याहून. जरा हसून दाखवा काकांना."

"हसू?" दुर्गाबाईंना संताप आला. "या मानसासंगं जलम काढला, हसू कुठून आनू?"

'हसत नाही,' खुशालरावांनी लिहिलं. मग नीट पाहिलं आणि पुढे लिहिलं, 'तोंड रोज दोन्ही बाजूनं चालते. आज एकाच बाजूनं चालून राहिलं'

"काकू, माझ्या मागं म्हणा. आमच्या वावरात पांढरा कापूस फुटला."

"आमच्या वावलात पांधला... कायले म्हनू?" दुर्गाबाई अडल्या. "कुठी फुटला कापूस? अळीनं खाल्ला सगळा! खोटं कायले बोलू?"

'र चा ल होऊन राहिला तिचा. ऐका,' खुशालरावांनी लिहिलं.

"ऐकला, काका." आणि मग तोंड वळवून, "सर, ऐकलं तुम्ही?"

सरांच्या नियमात अक्षर एक सांगत असेल आणि आवाज दुसरं, तर आवाज खरा, असं होतं. आवाजानेच आवाज खोटा पाडला तर काय करावं, हे नियमात नव्हतं.  मग सर म्हणाले, "पाठव गाडी. तुझ्या जबाबदारीवर."

"काका, रस्त्यावरून काय दिसते?"

'मोझरी रोड. बंद पडलेली जिनिंग. मागं वावर'

"बंद जिनिंगी तीन दिसून राहिल्या मले नकाशावर."

'जिच्यावर उद्घाटनाचा बोर्ड अजून आहे ती'

गाडी निघाली. रुबीनाने बजावलं, काकूंना चालू देऊ नका, कुशीवर निजवा, पाणी देऊ नका. दुर्गाबाईंनी ऐकलं आणि त्यांना लगेच पाणी हवं झालं.

'पाणी मागते. नाही देलं तर मारते,' खुशालरावांनी कळवलं.

"मार खा, काका. पाणी नका देऊ."

त्यांनी मार खाल्ला. उजव्या हाताचा होता, जोर चांगला होता, आणि त्यांना बरं वाटलं. पण पुढचा फटका आला नाही. दुर्गाबाई काहीतरी पुटपुटल्या, ते शब्द नव्हते. डोळे मिटले.

'गप झाली,' त्यांनी लिहिलं.

कित्येक वर्षं या माणसाने देवाजवळ गुपचूप हेच मागितलं होतं. ती दुपार अशी आली आणि त्या शांततेत त्यांना आपल्याच गळ्यातली सूं-सूं ऐकू येऊ लागली. एवढा मोठा आवाज आपला, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. बायको श्वास घेते आहे की हा आपलाच श्वास, काही समजेना.

'माह्याच श्वासाचा आवाज येते. तिचा समजत नाही'

"काका, फोन काकूंच्या नाकाजवळ धरा. तुम्ही मान फिरवा तिकडं. दूर."

त्यांनी तसं केलं. मान फिरवली आणि तळहाताने गळ्याचं भोक झाकून धरलं. दम कोंडला. डोळ्यांपुढे काळं आलं तरी हात काढला नाही.

"चालू आहे," रुबीना म्हणाली. "ऐकू येऊन राहिला, काका. चालू आहे श्वास. हात काढा तुम्ही, नाहीतर मले दोन गाड्या पाठवा लागतीन."

रस्त्यावर सायरन वाजला. खुशालरावांनी डोक्याचा गमछा काढून कापसाच्या काठीला बांधला आणि हलवला. गाडीतली माणसं स्ट्रेचर घेऊन ढेकळं तुडवत आली. अमरावतीला पोचेपर्यंत रुबीनाने फोन ठेवला नाही. मध्ये एकदा सरांनी हा कॉल किती वेळ चालायचा म्हणून विचारलं, तेव्हा ती उर्दूत काहीतरी म्हणाली. ते खुशालरावांना समजलं नाही, सरांना समजलं असावं.

डॉक्टर म्हणाले वेळेत आणलं. इंजेक्शन लागू पडलं. डावा पाय थोडा ओढत राहिला आणि जीभ जड झाली. जीभ सुटायला हवी असेल तर रोज भरपूर बोलायचं, असं त्यांनी लिहून दिलं. हा कागद दुर्गाबाईंनी देवघरात ठेवला.

पुढे केंद्राने अमरावतीला सत्कार ठेवला. शिबिराचेच साहेब होते. त्यांनी यंत्रणेचं कौतुक केलं, नकाशाचं केलं, कॉम्प्युटरचं केलं, शाल दिली आणि शेवटी म्हणाले, "आता खुशालरावांनी दोन शब्द बोलावेत अशी मी त्यांना विनंती करतो." सभागृहाने टाळ्या वाजवल्या. खुशालराव उठले, माइकपुढे उभे राहिले, नमस्कार केला. माइक नेमका गळ्यासमोर होता. सूं... असा आवाज सभागृहभर घुमला. सत्काराचं उत्तर फार हृदयस्पर्शी झालं, असं दुसऱ्या दिवशी पेपरात आलं.

रुबीना तिथे नव्हती. ठरलेल्या वेळेपेक्षा लांब कॉल चालवणे, लिहून दिलेली वाक्यं न वापरणे आणि कॉल करणाऱ्यास मार खाण्याचा सल्ला देणे, या तीन गोष्टींचा खुलासा तिच्याकडे मागवला होता. आकांक्षाकडून हे कळलं तेव्हा दुर्गाबाई म्हणाल्या, "मले न्या अकोल्याले." प्रत्येक शब्दाला वेळ लागत होता, पण धार तीच होती.

दोघं एसटीने गेले. केंद्राच्या खालच्या टपरीवर रुबीना भेटायला आली. बारीकशी, चष्मेवाली, ओढणी नीट करत. दुर्गाबाईंनी तिला आधी वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पिशवीतून घरच्या तुरीची डाळ काढून तिच्या हाती दिली.

"किती बारीक तू," त्या म्हणाल्या. "जेवत नाही काय? तुहा सायेब कुठी आहे?"

"सर वर आहेत, काकू. पण तुम्ही..."

"बोलाव. मले डाक्तरनं... बोलाले सांगतलं."

सर खाली आले नाहीत, म्हणून दुर्गाबाई पाय ओढत जिना चढल्या. रुबीना मागे. खुशालराव टपरीवरच बसले. वरून त्यांना बायकोचा आवाज येत होता. हळू, एकेक शब्द जोडत, मध्येच अडखळत, पण थांबत नव्हता. सरांचा आवाज एकदाच आला, "बाई, माझं ऐका..." आणि मग नाही आला.

टपरीवाल्याने विचारलं, "काका, एकटेच? च्या देऊ?"

खुशालरावांनी वर बोट दाखवलं आणि तीन बोटं वर केली. मग थोडा विचार करून चौथंही केलं.