दुपारी दोनचा सूर्य

पंचवीस वर्षं फिजिक्स शिकवलं, पण गप्पांना बसले की किस्से निघतात ते एकाच टर्मचे. नव्वदच्या दशकात बेंगळुरूच्या एका कॉलेजात आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांना मी सूर्यमाला शिकवायला घेतली, त्या टर्मचे. लोणच्याच्या बरणीसारखं आहे हे, एक फोड काढायला जावं तर चार वर येतात. नवरा म्हणतो, "तू सूर्यमाला शिकवलीस की सर्कस चालवलीस?" फरक मलाही नीटसा सांगता येत नाही!

कोर्स माझ्याच हट्टानं सुरू झाला होता. प्रिन्सिपल सर केमिस्ट्रीचे. ते म्हणाले, "ही मुलं चौथीत ग्रह शिकून आली आहेत. पुन्हा कशाला?" मी महिनाभर त्यांच्या मागे लागले, तेव्हा कुठे कबूल झाले. पण अट घातली. टर्म संपताना पंधरा मुलं हजर पाहिजेत आणि पुढच्या टर्मसाठीही पंधरा नावं पाहिजेत. एक जरी कमी पडलं तरी कोर्स बंद. बेळगावहून बदली होऊन आल्यापासून मी मनापासून मागितलेली ही एकच गोष्ट होती. रात्री अंथरुणातही मी मुलं मोजायची.

टाइमटेबलमध्ये तास मिळाला दुपारी दोनचा! दुर्बीण आहे, गच्ची आहे, आणि आकाशात बघायला एकटा सूर्य. पहिल्या चाचणीत मी प्रश्न घातला, 'दिवसा तारे का दिसत नाहीत?' गिरीश नावाच्या मुलानं उत्तर लिहिलं, 'कारण तास दोन वाजता आहे.'

मी अर्धा मार्क दिला. स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, पूर्ण द्यायला हवा होता.

*

बावीस मुलांनी सुरुवात झाली. मग एक दिवस ठरवलं की सूर्यमाला मैदानावर मांडायची, खऱ्या प्रमाणात. सूर्य म्हणजे एक मोठा नारळ. त्या मापानं पृथ्वी मोहरीएवढी, गुरू गोटीएवढा, शनी काबुली चण्याएवढा. एकेका मुलानं एकेक ग्रह हातात धरून आपापल्या अंतरावर उभं राहायचं.

शनी मिळाला एका कॉमर्सच्या मुलीला. दुसऱ्या दिवशी ती चणा परत घेऊन आली. "मिस, अम्मानं सांगितलंय, शनी नको. गुरू द्या."

तो चणा वर्गभर फिरला. कुणी हात लावेना! गुरूला मात्र पाच उमेदवार. शेवटी आमचा अटेंडर शिवाप्पा पुढे आला. हा निपाणीकडचा, आमचं मराठी ऐकून पहिल्या दिवसापासून मला अक्का म्हणणारा.

"द्या की हिकडं, अक्का. माजी साडेसाती गेल्या साली संपली. आता त्यो काय करतोय मला?"

मैदानावर एकशे चाळीस मीटरवर शिवाप्पा चणा घेऊन अर्धा तास ताठ उभा होता. एवढ्या शिस्तीचा शनी मी पुन्हा पाहिला नाही.

*

त्याच दिवशी प्लूटो हरवला.

प्लूटो तेव्हा ग्रहच होता. आमच्या मापानं रव्याचा एक कण, आणि नारळापासून जवळजवळ सहाशे मीटर लांब. म्हणजे गेटबाहेर, बस स्टॉपच्या पुढे, उभ्यानं खायच्या हॉटेलच्या, तिकडच्या भाषेत दर्शिनीच्या दारात. एवढ्या लांब जायला गिरीश आपणहून तयार झाला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तास संपला. सगळे ग्रह परत आले, प्लूटो नाही. मी तणतणत दर्शिनीत गेले तर हा मसाला डोसा खातोय!

"गिरीश, प्लूटो कुठे आहे?"

त्यानं बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मिस, इथेच ठेवला होता. आता रवा इडलीची प्लेट आली, त्यात कुठला तो सांगता येत नाही."

मी हसू दाबून त्याची गैरहजेरी लावली. त्याच्या गैरहजेऱ्या आधीच भरपूर होत्या. प्रिन्सिपल सर म्हणत होते, या मुलाला काढून टाका. पण एव्हाना मुलं गळून गळून बरोबर पंधरा उरली होती आणि पंधरावा गिरीश होता. त्यामुळे मी त्याला डोळ्यात तेल घालून जपत होते. स्वतःच्या मुलाचं दूध-पाणी मी इतकं पाहिलं नसेल.

*

मग दसरा आला. आमच्याकडे आयुधपूजा म्हणजे मोठा थाट. स्कूटरपासून टाइपरायटरपर्यंत सगळ्याला हार. मी सुट्टीवर बेळगावला गेले होते. परत येऊन लॅब उघडली तर दुर्बिणीला झेंडूची माळ, नळीवर गंधाची बोटं, स्टँडला केळीचे खुंट! शिवाप्पानं कुणी न सांगता पूजा मांडली होती. मला भरूनच आलं.

"शिवाप्पा, एवढं सगळं तू एकट्यानं केलंस?"

"मग? वर्सभर पोरं हिच्यातनं बघत्यात. काय बी सोडलं न्हाई मी, अक्का. समद्याची पूजा केली."

तेवढ्यात माझं लक्ष कपाटाकडे गेलं. आमचा नारळ गायब!

"शिवाप्पा, सूर्य कुठाय?"

"फोडला की," तो म्हणाला आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "गोड निघाला बघा."

*

आता शेवटचं प्रात्यक्षिक. सूर्यावरचे डाग. दुर्बिणीतून थेट सूर्य बघायचा नसतो. आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या छोट्या भिंगाच्या मागे पांढरा कागद धरायचा आणि त्यावर पडलेली सूर्याची चकती वहीत काढायची. डाग रोज थोडे सरकतात, तेरा-चौदा दिवसांत या कडेपासून त्या कडेला जातात. त्या वर्षी सूर्य अगदी कोरा होता, डाग औषधालाही मिळत नव्हता. मी देव पाण्यात घालून बसले होते.

आणि सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी चकतीवर हा ठळक काळा डाग! मी गच्चीवरून ओरडत स्टाफरूममध्ये गेले. सगळ्यांना मैसूरपाक वाटला. पुढचे तेरा दिवस मुलं रोज दोन वाजता चित्र काढायची आणि मी स्टाफरूममध्ये बसून वह्यांवर सह्या करायची.

तेराव्या दिवशी प्रिन्सिपल सर स्वतः गच्चीवर आले. पंधरा मुलं हजर होती. मी मनात मोजली, दोनदा.

त्यांनी वह्या उघडल्या. पहिल्या चौदा वह्या देखण्या. डाग डावीकडून निघालेला, रोज ठरलेलं अंतर कापत उजव्या कडेला पोचलेला, अगदी पुस्तकातल्या आकृतीसारखा. सरांची मान डोलू लागली. माझा जीव भांड्यात पडला.

पंधरावी वही गिरीशची. तेरा चकत्या, आणि तेराही चकत्यांत डाग एकाच जागी! खाली माझा लाल शेरा, 'नीट बघत जा!'

"एकच चित्र तेरा वेळा?" सर म्हणाले. "याचं नाव आजच कमी करा."

मी ती वही त्यांच्या हातातून घ्यायला पुढे झाले.

"सर, स्वल्प थांबा," गिरीश म्हणाला. "मी रोज नीट बघितलंय. डाग हलतच नाही. पण हे बघा." त्यानं आयपीस हळूच फिरवला. कागदावर सूर्य जागच्या जागी राहिला आणि डाग त्याच्यावर गोल फिरू लागला!

मग त्यानं आयपीस काढला, भिंग रुमालानं पुसलं आणि परत बसवलं. सूर्य स्वच्छ. रुमाल लाल.

चहा घेऊन आलेला शिवाप्पा दारातच थबकला. "अगं बया! पूजेचं कुंकू की त्ये!"

चौदा जण आपापल्या चपलांकडे बघत होते. सरांनी एकेक वही पुन्हा चाळली, सावकाश.

"गिरीश पास," ते म्हणाले. "बाकीचे चौदा पुढच्या टर्मला हाच कोर्स पुन्हा करतील."

मला आनंद व्हावा की रडू यावं, कळेना. पण सवयीनं बेरीज झालीच. "सर, पण चौदाच होतात. तुमची अट पंधराची आहे."

सरांनी सगळ्यात वरची वही उघडली आणि माझ्यापुढे धरली. तेरा चित्रं, तेरा लाल सह्या, प्रत्येक सहीशेजारी 'व्हेरी गुड'.

"पंधराव्या तुम्ही."