कोथरूडचे सरखेल

आमचे सरखेल आयुष्यात कधी होडीत बसले नाहीत. खडकवासल्याच्या नुसत्या काठावर उभं राहिलं तरी त्यांना मळमळायचं. कोणी हसलं की म्हणत, "अहो, आरमार चालवायला डोकं लागतं. पोट नव्हे." मराठ्यांच्या आरमारप्रमुखाचा हा किताब सोसायटीनं त्यांना चेष्टेनं दिला होता, त्यांनी तो गंभीरपणे घेतला.

त्यांचा समुद्र म्हणजे घरातलं जेवणाचं टेबल. दर रविवारी वहिनी त्यावर निळी चादर अंथरून देत आणि सरखेल आपली छोटी लढाऊ जहाजं, गुराबा आणि गलबतं, मांडत. सगळी स्वतः केलेली. डोलकाठ्या उदबत्तीच्या काड्यांच्या, शिडं जुन्या धोतराची. ती हलू नयेत म्हणून पंखा बंद. मे महिन्यात आम्ही नुसते निथळत असू. "लढाईत घाम येतोच," एवढीच सहानुभूती मिळे. समोर इंग्रजांच्या बाजूनं मी किंवा अभिजित. मी कर्वेनगरला कॉलेजात शिकवतो, तो खराडीला सॉफ्टवेअरमध्ये.

खेळ फाशांचा आणि वाऱ्याचा. वारा कुठून वाहतोय ते सरखेल आधी जाहीर करत. त्या वाऱ्याच्या थेट तोंडावर शिडाचं जहाज जात नाही. तिरकं तिरकंच पुढे सरकायचं. नेलंच कोणी समोर, तर जहाज जागीच अडकून एक चाल फुकट जाई. अभिजितनं पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, स्ट्रेट का नाही जायचं?" सरखेल म्हणाले, "सरळ जायचं असेल तर खाली रिक्षा मिळेल."

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या डोक्यात गाठ निघाली. ऑपरेशन करण्यासारखी नव्हती. खेळ थांबला नाही, पण अभिजित बदलला. हाताशी आलेलं सरखेलांचं जहाज सोडून उगाच भलतीकडे वळायचा, तोफा डागायला विसरल्यासारखं करायचा. सरखेलांनी काही रविवार ते पाहून घेतलं. मग एकदा फासे मुठीत धरून म्हणाले, "अभिजित, दयेचा वारा मी जाहीर केलेला नाही." तो ओशाळला. मग माझ्याकडे वळले. "यापुढे पंच आपण. माझं चुकलं तर तोंडावर सांगायचं. जमणार नसेल तर चहा खालच्या टपरीवरही चांगला मिळतो."

मी हो म्हटलं. मला ते काम मुळीच नको होतं.

फेब्रुवारीत एका रविवारी त्यांनी आपली सगळ्यांत मोठी गुराब उचलली आणि सरळ वाऱ्याच्या तोंडावर नेऊन ठेवली. आम्हाला वारा ज्यांनी शिकवला, त्यांनी. अभिजित टेबलाखालून माझा पाय दाबत होता. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"सरखेल, वारा समोर आहे," मी म्हणालो. "तुमची चाल गेली."

त्यांनी चादरीकडे पाहिलं. "गेली," म्हणाले. अभिजितला काही इलाज उरला नाही. त्यानं जहाज मागून आणून तोफा डागल्या आणि नेमके फाशावर सहा पडले. बुडालेली गुराब सरखेलांनी स्वतःच उचलून बाजूला ठेवली. "मागून गाठलंत. असंच गाठायचं असतं."

जिन्यात अभिजित म्हणाला, "सर, नीडेड होतं का हे?" मी खिशात गाडीची किल्ली शोधत राहिलो.

त्या आठवड्यातच सरखेल हॉस्पिटलात गेले, आणि तिथून वैकुंठात. मी खांदा दिला. त्यांच्या पुतण्याला स्टेशनवरून घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन पेपर तपासले. आत काहीच हलत नव्हतं, आणि त्याचं मला आश्चर्यही वाटत नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी चहा दिला आणि समोर बसल्या.

"त्या रविवारी तुम्ही दोघं गेलात," त्या म्हणाल्या, "आणि हे कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. पोळी मागून घेतली. मी म्हटलं, अहो, हरलात ना? तर म्हणाले, हरलो की. हरायला माणूस जिवंत लागतो."

मी कप खाली ठेवला. आता रडू येईल असं वाटलं. वहिनींनाही वाटलं असावं, कारण त्यांनी मान दुसरीकडे वळवली. आलं नाही. अजूनही आलेलं नाही.