चौकोनी कंसातला पाचवा दिवस

आमच्या पायथनच्या क्लासात प्रोग्राम कमी आणि किस्सेच जास्त तयार होतात. प्रोग्राम बिघडला की डिलीट करतो, किस्से मात्र साठत जातात. धारला दर रविवारी सकाळी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मी शिकवतो. शिकवतो कसला, शिकतोच जास्त! ह्या मंडळींचे उपकार आहेत माझ्यावर.

* * *

शिंदेमामा आमचे सर्वांत ज्येष्ठ विद्यार्थी. आयुष्यभर शिवणकाम केलेलं. मी डिक्शनरी समजावत होतो: एक नाव, नावापुढे त्याची माहिती.

"हात्तिच्या! ही तर माझी मापाची वही!" मामा म्हणाले.

लगेच स्वतःचं नाव टाकलं, पुढे छाती चाळीस. परत नाव टाकलं, पुढे कंबर अडतीस. प्रिंट केलं, तर नुसतंच अडतीस!

"भिया, माणसाला छाती आणि कंबर दोन्ही असतात! ह्याला एकच कशी पुरते?"

मग सांगितलं. नुसतं बरोबरचं चिन्ह दिलं की जुनं पुसून नवं बसतं. दोन्ही मापं ठेवायची तर नावापुढे चौकोनी कंस टाकायचा, म्हणजे लिस्ट, आणि पुढचं प्रत्येक माप त्यात शेवटी जोडायचं, म्हणजे अपेंड करायचं. तोवर हा धडा मला इतका नीट कधीच जमला नव्हता.

* * *

अश्विनी मनावर गावची. निम्मं हिंदीत बोलते, निम्मं मराठीत, आणि चिडली की फक्त हिंदीत.

"सर, ये तो मान ही नहीं रहा!"

बघितलं, तर लिस्ट केलीच नव्हती. साध्या आकड्यालाच अपेंड करत होती. मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "पोरी, आधी खुंटी ठोक, मग सदरा टांग. तू सरळ भिंतीलाच सदरा लावतेस!"

देवासच्या कॉलेजात शिकवायला जातो तेव्हा हे वाक्य मी स्वतःचं म्हणून खपवतो. मामांना ठाऊक आहे.

* * *

आता माझी फजिती. मंडळाच्या गणपतीत रोज एका घराची आरती असते. पाचवा दिवस वर्षानुवर्षं पाठकांचा. नाना पाठक गेल्या चैत्रात गेले, तरी पाठककाकूंनी सगळ्यांच्या आधी नाव दिलं, नानांचंच. नंतर खातेगावहून नवीन आलेल्या तोमरांनीही पाचवाच दिवस मागितला. दोन घरं मिळून आरती करतील, त्यात काय, म्हणून मी हो म्हटलं.

यादीचा प्रोग्राम मीच केला, घाईघाईत. दिवस, बरोबरचं चिन्ह, घर. एकही एरर आला नाही! प्रिंट काढून फलकावर लावलीसुद्धा.

रविवारी काकू क्लासाच्या दारात उभ्या. आवाज अगदी हळू.

"मिलिंदा, ह्यांचं नाव काढलंस का रे? पहिलंच वर्ष आहे."

फलकावर पाचव्या दिवसापुढे फक्त तोमर! मामांनी लॅपटॉपमध्ये डोकावून पाहिलं.

"सर, कंबर घेतली, छाती गेली!"

कोणी हसलं नाही. मामाही नाहीत.

* * *

मी काकूंची माफी मागितली आणि त्यांच्यासमोरच लिस्ट करायला बसलो. काकू म्हणाल्या, "सरक. मी घालते. तू परत घाई करशील."

अश्विनीने की-बोर्डवर मराठी लावून दिलं. काकू खुर्चीवर बसल्या. जन्मात त्यांनी नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलेलं नाही, उखाण्याचा अपवाद सोडून.

"टाइप केलं तर चालतं ना रे?"

"चालतं की, काकू!"

मामांनी चौकोनी कंस दाखवला. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, काकूंनी आत लिहिलं: दामोदर. मग स्क्रीनवर बोट टेकवून काना-मात्रा पडताळून पाहिली.

"आता ह्यात दुसरं नाव घातलं तर हे पहिलं हलणार नाही ना?"

"नाही काकू. शेवटी जोडलं जातं. पहिलं तिथेच राहतं."

काकूंनी प्रिंट काढून स्वतः तपासलं. मग पदराने चष्मा पुसला आणि खुर्ची मागे ढकलली.

"मग घाल आता तोमरांना. आणि अजून कोणाला पाचवा दिवस हवा असेल, तर त्यांनाही घाल!"