बाटलीत वाढलेला विषाणू

स्पिरिटचा वास आला की बदलापूरजवळचा तो पाडा आठवतो. सारवलेली ओटी, अंगणात वाळणारं भात आणि तोंडात फोड आल्यानं पेजही न गिळणारी चिमुरडी. तिच्या घशातला नमुना मी प्रयोगशाळेत नेला आणि बाटलीत वाढवलेल्या जिवंत पेशींवर सोडला. काही दिवसांत त्या पेशी मरू लागल्या, म्हणजे त्यांच्यात विषाणू वाढत होता; तो हाती लागला. आम्ही आनंदानं चहा मागवला. त्याच भरात पाड्यावर जाऊन मी तिच्या आईला म्हणालो, "विषाणू छान वाढला!" तिनं मुलीला घट्ट धरलं. "माझ्या पोरीत? आन् तुमी हसताय, सायेब?" "नाही हो, बाटलीत!" मी घाईनं म्हणालो. मुलगी कशी आहे, हे मी विचारलंच नव्हतं. "काल थोडा भात खाल्ला तिनं," आईनंच सांगितलं. आता कुठल्याही घरी निकाल सांगताना मी आधी विचारतो, मूल जेवलं का?