नालवाल्याने ओळखलेली खेचरं

नालवाल्याने चाळीस वर्षं घोड्यांच्या आणि खेचरांच्या पायांना नाल ठोकले. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा काम सुटलं, पण जनावरांचा नाद काही सुटला नाही. जनावरांची चित्रं असलेली जुनी रोमन नाणी तो जमवू लागला.

"जन्मभर पोटासाठी जनावरं, आता छंदालाही तीच!" बायको म्हणायची.

एकदा संग्रहालयात काचेआडचं एक नाणं बघून तो थबकला. खालच्या चिठ्ठीवर ‘घोडागाडी’ असं लिहिलं होतं. तो तडक तिथल्या अधिकारी बाईंकडे गेला.

"बाई, हे घोडे नाहीत, खेचरं आहेत."

"कशावरून?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"कान बघा केवढे लांब, आणि शेपटी बुडाशी बारीक. खेचरांच्या लाथा खाल्ल्यात मी, ओळखणार नाही का?"

बाईंनी नाणं भिंगाखाली धरलं, मग दोन जाडजूड ग्रंथ चाळले. आठवड्याभराने चिठ्ठी बदलली. तिच्यावर त्याचं नाव घालू का, असं त्यांनी विचारलं.

"नको," तो म्हणाला, "नातेवाईक विचारतील, यातलं खेचर कोणतं?"

घरी मात्र जेवताना त्याने ही हकिगत दोनदा सांगितली.